दिवस भरू द्या: नियोजित सिझेरियनच्या तारखेविषयी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांना खुले पत्र

प्रति,
पदाधिकारी आणि सभासद,
फॉग्सी (प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांची देशपातळीवरील शिखर संस्था) व तिच्याशी संलग्न महाराष्ट्रातील सर्व प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञ संघटना

विषय: वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी केल्या जाणाऱ्या नियोजित सिझेरियनबाबत

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. अठ्ठाविसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळे आमच्याकडे येतात, आणि त्यांच्यासाठीच हा विभाग उभारलेला आहे. हे पत्र मात्र मी वेगळ्या बाळांविषयी लिहीत आहे. ही बाळे पावणेतीन-तीन किलोंची असतात, अंगाने भरलेली असतात आणि जन्मल्यावर खणखणीत रडलेलीही असतात. आईला रक्तदाब नव्हता, मधुमेह नव्हता, वार (प्लॅसेंटा) जागेवर होती. पहिले सिझेरियन झालेले असल्याने दुसरेही करायचे ठरले होते आणि त्यासाठी एक सोयीचा दिवस निवडला होता. केसपेपरवर ‘३७ आठवडे ३ दिवस’ असे लिहिलेले असते. जन्मानंतर तासाभरात बाळ कण्हू लागते, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची त्वचा प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जाते, आणि श्वासांची गती मिनिटाला ऐंशी-नव्वदवर जाते. पेढे वाटायला निघालेले वडील त्याच पावली बाळाला घेऊन आमच्या दारात येतात. आई तीस-चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात टाके सांभाळत पडलेली असते आणि बाळाचा चेहरा तिला कोणाच्या तरी मोबाईलवर पाहावा लागतो.

यांतली बहुतेक बाळे दोन-तीन दिवसांत सावरतात. काही मात्र सावरत नाहीत. फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब जन्मानंतर उतरायला हवा तो उतरत नाही, सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देणारे साधन) पुरत नाही, कृत्रिम श्वसनयंत्र लावावे लागते, आणि पूर्ण वाढीचे दिसणारे ते बाळ आमच्या हातून जाण्याच्या काठावर येते. अशा वेळी त्याच्या आजीने मला विचारलेला प्रश्न मी विसरू शकलेलो नाही: “डॉक्टर, दिवस तर भरले होते ना?”

या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि ते त्या घरात कोणीही सांगितलेले नव्हते. ‘दिवस भरणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग नेमका आहे, आणि नऊ महिने नऊ दिवस हा घराघरांतला हिशेबही शेवटच्या पाळीपासून धरलेल्या २८० दिवसांच्या अगदी जवळ जातो. घोटाळा झाला तो आपल्या बोलण्यात. ‘नववा लागला’ म्हणजे बाळ तयार झाले, ‘सदतीस झाले’ म्हणजे आता कधीही काढता येते, असे आपण बाह्यरुग्ण विभागात इतक्या सहज बोलत आलो की ते कुटुंबांनाही पटले. सदतीस आठवड्यांची रेघ ही मुदतपूर्व जन्माची व्याख्या करण्यासाठी आखलेली आहे. ती ओलांडली की बाळ मुदतपूर्व राहत नाही, एवढाच तिचा अर्थ. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये हा भेद स्पष्ट करून ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस या काळाला ‘अर्ली टर्म’ असे वेगळे नाव दिले आणि ‘फुल टर्म’ हा शब्द ३९ ते ४० आठवडे ६ दिवस या काळासाठी राखून ठेवला. आपल्याकडच्या केसपेपरवर हा भेद अजून क्वचितच दिसतो.

पोटात असताना बाळाची फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात. हा द्रव फुफ्फुसांनी स्वतःच तयार केलेला असतो आणि त्यांच्या वाढीसाठी तो आवश्यकही असतो. जन्माच्या वेळी हवेसाठी जागा व्हावी म्हणून तो शोषला जावा लागतो. बाळ अरुंद मार्गातून दाबले जाऊन बाहेर येते तेव्हा तो पिळून निघतो असे आपल्याला पूर्वी शिकवले जाई. त्यात थोडे तथ्य आहे, पण मुख्य काम वेगळ्याच यंत्रणेचे असते. कळा सुरू होण्याच्या सुमारास आणि कळांच्या काळात बाळाच्या शरीरात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल यांचे प्रमाण झपाट्याने वाढते, त्यामुळे फुफ्फुसांच्या अस्तरातील सोडियमच्या वाहिन्या उघडतात आणि जे अस्तर आतापर्यंत द्रव सोडत होते तेच तो शोषून घेऊ लागते. कळांविना केलेल्या नियोजित सिझेरियनमध्ये हा इशारा बाळाला मिळतच नाही. ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतर फुफ्फुसांची स्वतःची तयारी बरीच झालेली असल्याने इशाऱ्यावाचूनही ते बहुधा निभावून नेते. सदतिसाव्या आठवड्यात (या पत्रात त्याचा अर्थ ३७ आठवडे ० ते ६ दिवस, पुढचे आठवडेही तसेच) इशारा नाही आणि तयारीही अपुरी, असे दोन्हीकडून बाळ कोंडीत सापडते. म्हणूनच सदतिसाव्या आठवड्यात आपणहून कळा येऊन जन्मलेले बाळ आणि त्याच आठवड्यात नियोजित सिझेरियनने जन्मलेले बाळ यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

“वजन तीन किलो झाले आहे, मग काय हरकत?” हा युक्तिवाद मी नातेवाइकांकडून ऐकतो आणि, स्पष्ट लिहितो, काही सहकाऱ्यांकडूनही ऐकतो. वजनावरून पक्वता ठरत नाही. मधुमेही आईचे बाळ चार किलोंचे असूनही फुफ्फुसांच्या दृष्टीने मागे असू शकते, हे आपण सर्व जाणतो. शिवाय प्रश्न केवळ श्वासाचा नाही. ही बाळे स्तनाला नीट धरत नाहीत, ओढता ओढता झोपी जातात, त्यांची रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ वाढून ती निळ्या दिव्याखाली ठेवावी लागतात. आईला वाटते आपल्याला दूधच नाही. घरातले वरच्या दुधाचा डबा आणतात. चीक दूध ज्या दिवसांत मिळायला हवे ते दिवस हातचे जातात, आणि याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

पुरावा आपल्यापैकी अनेकांनी वाचलेला आहे, तरी पुन्हा मांडतो. ब्रिटनमधील केंब्रिजच्या रोझी प्रसूतिगृहातील अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कळा सुरू होण्याआधी केलेल्या सिझेरियननंतर श्वसनाचा त्रास झालेल्या बाळांचे प्रमाण सदतिसाव्या आठवड्यात हजारी ७३.८, अडतिसाव्यात ४२.३ आणि एकोणचाळिसाव्यात १७.८ होते. डेन्मार्कमधील आर्हूसच्या चमूने २००८ मध्ये दाखवले की नियोजित सिझेरियनने जन्मलेल्या बाळांना श्वसनाचा त्रास होण्याचे प्रमाण सदतिसाव्या आठवड्यात दहा टक्के होते, तर त्याच आठवड्यात नैसर्गिक प्रसूतीचा मार्ग निवडलेल्यांत ते २.८ टक्के होते. एकोणचाळिसाव्या आठवड्यात हेच आकडे २.१ आणि १.१ वर आले होते. अमेरिकेतील १९ केंद्रांच्या नोंदींवरून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैद्यकीय कारणाविना केलेली तेरा हजारांहून अधिक पुनर्सिझेरियन तपासली गेली. मृत्यू, श्वसनाचे विकार, साखर उतरणे, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात दाखल होणे यांपैकी काहीतरी घडलेल्या बाळांचे प्रमाण सदतिसाव्या आठवड्यात १५.३ टक्के, अडतिसाव्यात ११ टक्के आणि एकोणचाळिसाव्यात ८ टक्के निघाले. त्यांतील ३५.८ टक्के शस्त्रक्रिया ३९ आठवड्यांआधीच उरकलेल्या होत्या, म्हणजे हा दोष आपल्या एकट्यांचा नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. डेन्मार्कमध्येच सुमारे १,२७५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत ३८ आठवडे ३ दिवस आणि ३९ आठवडे ३ दिवस या दोन तारखांची तुलना झाली. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बाळांचे प्रमाण अनुक्रमे १३.९ आणि ११.९ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. अडतिसाव्या आठवड्याच्या मध्यावर झालेल्या प्रत्येक सिझेरियनकडे मी बोट दाखवत नाही. पण त्या चाचणीतील स्त्रियांचे आठवडे नीट मोजलेले होते, आणि आपल्याकडे नेमके तेच पुष्कळदा झालेले नसते.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने गर्भाचे वय ठरवले तर चूक पाच-सात दिवसांची असते. शेवटच्या तिमाहीतील सोनोग्राफीवर विसंबले तर ती तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. ऊसतोडीवरून परतलेली, पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रथमच नाव नोंदवणारी स्त्री शेवटच्या पाळीची तारीख एखाद्या सणाच्या आधाराने सांगते. अंगावर पाजत असताना पाळी न येताच पुन्हा दिवस गेलेल्या स्त्रीला तर तेही सांगता येत नाही. अशा वेळी कागदावरचे ३७ प्रत्यक्षात ३५ असू शकतात. अनेकदा बाळाच्या तळव्यांवरच्या रेषा, कानाची पाळी आणि स्तनाग्राचा उंचवटा पाहिल्यावर, केसपेपरवर लिहिलेल्या वयाशी त्यांचा मेळ बसत नाही हे आमच्या लक्षात येते. तारीख जितकी अनिश्चित, तितके थांबायला अधिक कारण असते. व्यवहारात मात्र ‘रिपोर्टमध्ये सदतीस आहेत’ एवढ्यावर शस्त्रक्रियेची वेळ ठरते.

आता मुहूर्ताविषयी. मुहूर्त मागणाऱ्या कुटुंबांना अडाणी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण मागणारे पुष्कळदा उच्चशिक्षित असतात आणि त्यांची भावना बाळाच्या भल्याचीच असते. मूळ नक्षत्र नको, आश्लेषा नको, अमावास्या नको, गुरुपुष्य साधला तर उत्तम, अशी यादी घेऊन ते येतात. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीच सिझेरियन व्हावे अशी मागणी झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. मला अधिक काळजी वाटते ती पितृपक्षाची. तो पंधरवडा टाळण्यासाठी प्रसूती त्याच्या आधी उरकली जाते, आणि पंधरवडा म्हणजे नेमके तेच दोन आठवडे, जे बाळाला ३७ वरून ३९ वर नेतात. माझी विनंती अशी आहे की, मुहूर्ताला नकार देऊ नये. ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरच्या आठवड्यातला कोणताही दिवस निवडण्यास कुटुंबाला मोकळीक द्यावी आणि त्याआधीचा एकही दिवस पंचांगासमोर ठेवू नये. माझ्या अनुभवात, बाळाला यंत्रावर ठेवण्याची शक्यता किती वाढते हे आकड्यांसह सांगितले, की आजी-आजोबाच प्रथम म्हणतात, “थांबू या.” पण ते सांगायला कोणीतरी पंधरा मिनिटे बसावे लागते.

मुहूर्त हे एकच कारण असल्याचा आव आणणे मात्र आपल्याच व्यवसायाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. डॉक्टरांचा दौरा, दिवाळीची सुट्टी, जावयाची रजा, भूलतज्ज्ञ त्या गावात येण्याचा ठरलेला वार, ही कारणेही तितकीच खरी आहेत. सोनोग्राफीत दिसलेला मानेभोवतीचा नाळेचा वेढा किंवा मोजमापाविना उच्चारलेले ‘पाणी जरा कमी वाटते’ ही वाक्ये कुटुंबाला घाबरवायला पुरतात, आणि घाबरलेले कुटुंब स्वतःच “आजच करून टाका” म्हणते. नाळेचा वेढा निरोगी बाळांतही वारंवार आढळतो, आणि केवळ तो दिसला म्हणून बाळ दोन आठवडे आधी काढण्यास आधार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या अडचणी मी दुरून पाहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावी एकट्याने रुग्णालय चालवणाऱ्या प्रसूतितज्ज्ञासाठी ठरलेले सिझेरियन मंगळवारी सकाळी होणे आणि तेच रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर करावे लागणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: भूलतज्ज्ञ दूर आहे, रक्तपेढी बंद आहे, बाहेर चिडलेले नातेवाईक आहेत. एकोणचाळिसाव्या आठवड्याची तारीख दिलेल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना त्याआधीच कळा सुरू होतात, आणि आधीच्या सिझेरियनचा व्रण असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ती भीती निराधार नाही. म्हणून थांबण्याचा सल्ला योजनेसह द्यावा लागतो. कळा, पाणी जाणे, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही झाले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि कोठे पोहोचायचे हे तिला लेखी दिले पाहिजे. जिचे घर दूर आहे तिने शेवटचा आठवडा गावातल्या नातेवाइकांकडे राहावे. आणि जिथे रात्रीची शस्त्रक्रिया शक्यच नाही तिथल्या स्त्रीची नोंद अडतिसाव्या आठवड्याआधीच मोठ्या रुग्णालयात व्हावी.

जिथे कारण आहे तिथे थांबणे हाच अपराध ठरेल, हेही तितक्याच ठामपणे लिहितो. गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब, नियंत्रणात न आलेला मधुमेह, वाढ खुंटलेले बाळ, जुळी, गर्भाशयावरचा उभा जुना छेद, अशा प्रसंगी लवकरची तारीखच योग्य असते. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर रक्तस्राव नसतानाही ३६ ते ३७ आठवड्यांत प्रसूती करण्याचा सल्ला दिला जातो. अशा कारणाने आलेले बाळ आम्ही तक्रार न करता सांभाळू. फक्त ते येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशी मिळाला तर आमची खाट, यंत्र आणि परिचारिका तयार असतील.

एक पळवाट अलीकडे रूढ होत आहे, तिचाही उल्लेख करतो. ‘फुफ्फुसांची दोन इंजेक्शने’ देऊन सदतिसाव्या आठवड्यातले सिझेरियन निर्धोक झाले असे समजले जाते. त्यांतील बेटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड खऱ्याखुऱ्या मुदतपूर्व बाळांसाठी मोलाचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २४ ते ३४ आठवड्यांसाठी आहे. पुढच्या आठवड्यांत ते दिल्यास बाळाची साखर उतरण्याचा धोका वाढतो. जी तारीख बदलता येते तिच्यासाठी आईला आणि बाळाला स्टिरॉइड देणे मला समर्थनीय वाटत नाही.

हे सारे वैयक्तिक सदसद्विवेकावर सोडून भागत नाही, म्हणूनच मी संघटनांना लिहीत आहे. कुटुंबाला नकार देणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असते की, समोरच्या रुग्णालयात तीच तारीख तासाभरात मिळणार आहे. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालय-समूहाच्या २७ रुग्णालयांत याच प्रश्नावर तीन मार्ग अवलंबले गेले आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे केवळ डॉक्टरांचे प्रबोधन केले तिथे कारणाशिवाय ३९ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १०.९ वरून ६ टक्क्यांवर आले. जिथे धोरण केले पण पालन डॉक्टरांवर सोपवले आणि अपवाद समितीपुढे नेले तिथे ते ८.४ वरून ३.३ वर आले. आणि जिथे रुग्णालयाने अशी तारीख नोंदवण्यासच नकार दिला तिथे ते ८.२ वरून १.७ वर आले. ब्राझीलमध्ये निम्म्याहून अधिक जन्म सिझेरियनने होतात. तेथील वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये ठराव करून स्त्रीच्या इच्छेवरून करायचे सिझेरियन ३९ आठवड्यांआधी करता येणार नाही असे ठरवले. नियम सर्वांना सारखा असला की नकार देणारा एकटा पडत नाही.

आपल्याकडे हे काम लांबणीवर टाकण्याजोगे राहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात गोव्यात ते ३९.५ टक्के होते, आणि देशभरातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. आज झालेले प्रत्येक पहिले सिझेरियन बहुधा तीन-चार वर्षांनी दुसऱ्या, तारीख ठरवून केलेल्या सिझेरियनला जन्म देते. पहिली सिझेरियन किती आवश्यक होती हा स्वतंत्र विषय आहे, तो मी येथे उघडत नाही.

तेव्हा माझी मागणी नेमकी अशी आहे. वैद्यकीय कारण नसल्यास ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी नियोजित सिझेरियनची तारीख दिली जाऊ नये, असा ठराव आपल्या संघटनांनी आगामी सर्वसाधारण सभेत करावा. शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घालताना गर्भाचे वय, ते कोणत्या आधारावर ठरवले आणि ३९ च्या आत असल्यास कारण काय, हे तीन रकाने भरल्याशिवाय वेळ मिळू नये. खासगी प्रसूतिगृहांना गुणवत्तेचे प्रमाणपत्र देणाऱ्या फॉग्सीच्या ‘मान्यता’ उपक्रमातील १६ निकषांत सिझेरियनच्या आढाव्याचा निकष आधीपासून आहे. या तीन रकान्यांना तिथे सहज जागा मिळेल, नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आठवड्यांचा हा हिशेब सोप्या मराठीत छापलेले, संघटनेचे नाव असलेले एक पान प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात लावावे, म्हणजे तरुण डॉक्टरला मुहूर्ताच्या चिठ्ठीसमोर बोट ठेवायला काहीतरी असेल. आणि प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून दोनदा प्रसूतितज्ज्ञांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून, डॉक्टरांची व रुग्णालयांची नावे वगळून, ३७ आणि ३८ आठवड्यांत नियोजित सिझेरियनने जन्मून अतिदक्षता विभागात आलेल्या बाळांचे कागद पाहावेत.

या शेवटच्या कामासाठी आमच्या विभागातील नोंदी मी रुग्णांची ओळख झाकून उपलब्ध करून देईन, आणि पहिल्या बैठकीसाठी जागा, वेळ व चहापाण्याची व्यवस्था आमच्याकडून राहील. पितृपक्षाआधीचा पंधरवडा आमच्याकडे दर वर्षी गर्दीचा जातो. यंदाची बैठक त्याआधी व्हावी, अशी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जिल्ह्याच्या गावी काम करणारा एक नवजात शिशुतज्ज्ञ